बारदान वजा जाता

जनावरांच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसून मला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी एकच गोष्ट पक्की शिकले. माणूस आपल्या कुत्र्याच्या खाण्याबद्दल जितक्या सराईतपणे खोटं बोलतो, तितक्या सराईतपणे तो बायकोशीही बोलत नसेल. "हा काही खातच नाही हो," असं जो म्हणतो, त्याचा कुत्रा दारातून आत येताना दोन्ही बाजूंना घासतो.

या खोटेपणाशी माझ्या मैत्रिणीने जन्मभर भांडण मांडलं. आणि तिच्याशी सगळ्यात मोठं खोटं कोण बोललं, तर तिचे सख्खे वडील. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्या म्हाताऱ्याचा मला अजून राग येतो, आणि तो लपवून लिहायला मी काही संत नाही.

दवाखान्यात तिला सगळे मापाडीण म्हणतात. मागच्या खोलीत जमिनीलगत बसवलेला मोठा पोलादी काटा, भिंतीवर आकडे दाखवणारी डबी, आणि शेजारी ही. नेमणुकीच्या कागदावर तिचा हुद्दा काहीतरी लांबलचक आहे, पण काम एकच: जाड झालेली कुत्री-मांजरं ओळखायची आणि त्यांना माणसात आणायचं. काट्याच्या आधी तिचा हात बोलतो. आलेल्या माणसाला ती मूठ वळायला लावते. "मुठीची हाडं चाचपा. फासळ्या अशा लागल्या तर जनावर उपाशी आहे. आता हात सरळ करा, पालथ्या हाताची हाडं चाचपा. अशा लागल्या तर उत्तम. आणि आता तळहात दाबा. हाड लागतंय? नाही ना? तुमचा कुत्रा असा आहे." मग ती त्याला वरून बघायला लावते. "कंबर कुठेय? दाखवा मला. तुम्हाला सापडली तर मी नोकरी सोडते."

माणसं चिडतात. एक शिंपी होता, धंद्याने फीत गळ्यात. तो दर आठवड्याला कुत्र्याची कंबर स्वतः मोजून यायचा आणि दर वेळी दोन बोटं कमी सांगायचा. मापाडीणने एकदा त्याला समोर मोजायला लावलं, तर गडी फीत अशी आवळत होता की कुत्र्याला ठसका लागला. दोन बहिणी होत्या. त्यांचं मांजर सकाळी एकीच्या पायाशी केविलवाणं रडायचं, तिने दिलं की अर्ध्या तासाने दुसरीच्या पायाशी तेवढंच केविलवाणं रडायचं. दोघी एका घरात राहून एकमेकींना विचारायच्या नाहीत. मग मापाडीणने त्यांच्या स्वयंपाकघरात कागद लावला: ज्याने दिलं त्याने लिहायचं, ग्रॅममध्ये, वाटीने नाही. वाटी ही जगातली सगळ्यात लबाड वस्तू आहे, असं तिचं मत. आणि मांजराला उपाशी ठेवलं तर ती अंगावर धावून जाते. जाड मांजर दोन-तीन दिवस न खाता राहिलं की त्याचं यकृत बिघडतं, ते मरूही शकतं. "हळूहळू. हप्त्याला थोडंसं. चढलंय वर्षभरात, उतरायलाही वर्ष लागेल," हे ती दिवसातून दहा वेळा सांगते.

आणखी एक गोष्ट ती दहा वेळा सांगते. "रोज बघणाऱ्याला कळत नाही. घरच्या माणसाला शेवटी कळतं." हे तिचं वाक्य मला आता ऐकवत नाही.

हे सगळं ती शिकली वडिलांकडून. तिचे बाबा चाळीस वर्षं धान्याच्या गोदामात मापाडी होते, म्हणून तर तिचं नाव मापाडीण पडलं. पोतं हातात उचलून ते किलोच्या आत वजन सांगायचे. त्यांचा एक नियम होता. रिकामं पोतं आधी तोलायचं, ते बारदान. भरलेल्या वजनातून बारदान वजा केलं की उरतो तो माल. आणि बारदान दर खेपेला नव्याने तोलायचं, कारण ओलं पोतं वेगळं, सुकं पोतं वेगळं, काल तोललेलं आज तेवढंच असेल याची खात्री नाही. मापाडीणने हा नियम जसाच्या तसा दवाखान्यात आणला. मांजर टोपलीत आलं तर टोपली दर वेळी वेगळी तोलायची. कुत्रा काट्याला घाबरत असेल तर मालकाने त्याला उचलून उभं राहायचं, मग मालकाने एकट्याने. दर वेळी. बायका एकट्याने उभं राहायला कुरकुर करायच्या, म्हणून ती डबीवर हात धरायची आणि आकडा फक्त मला सांगायची. एक वकील तर म्हणाला, मी लेखी हरकत नोंदवतो. तीही तिने मला नोंदवायला लावली.

असा हा काटेकोरपणा. तो तिने एका माणसासाठी सोडला.

बाबांचा कुत्रा छटाक. आला तेव्हा सदऱ्याच्या खिशात मावत होता म्हणून हे नाव. आखूड पायांचा, लांब पाठीचा. मापाडीणची आई गेली आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत छटाकचं पोट जमिनीला टेकायला आलं. बाबा आणि कुत्रा, दोघांना एकमेकांशिवाय काम नव्हतं, आणि त्या दोघांच्या मध्ये बहुतेक वेळा बिस्किट असायचं. मग एक दिवस छटाक मागचा डावा पाय उचलूनच चालायला लागला. आमच्या डॉक्टरबाईंनी तपासलं. गुडघ्यातला बंध तुटला होता.

"ऑपरेशन करावं लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण सतरा किलोच्या या देहावर मी सुरी लावणार नाही. भूल जड जाईल, आणि बरा झाला तरी सगळा भार पडून दुसरा पाय तुटेल. तेरावर आणा, मग बोलू. नाही आणलंत तर हा वर्षभरात बसेल तो उठणार नाही."

मापाडीण म्हणाली, "आणते." तिच्यासाठी ती अब्रूची गोष्ट होती. गावभरच्या कुत्र्यांची कंबर शोधायची आणि घरचं जनावर खुरडत फिरणार? दिव्याखाली अंधार, असं लोक म्हणाले नसते तरच नवल.

छटाक काट्यावर पाय ठेवेना. लहानपणी फटीत त्याचं नख अडकलं होतं, तेव्हापासून तो पोलाद बघितलं की मूततो. म्हणून बाबांनी त्याला उचलला. दोघांचे पंच्याऐंशी पूर्णांक दोन. बाबा एकटे अडुसष्ट पूर्णांक चार. उरला छटाक, सोळा पूर्णांक आठ. मी लिहिलं.

पुढच्या शनिवारी दोघांचं वजन झालं आणि मापाडीण सवयीने म्हणाली, "बाबा, आता एकटे."

"माझं काय तोलतेस?" बाबा हसले. "गोदामात नवा काटा आला की मला उभं करून तपासायचे. चाळीस वर्षं अडुसष्ट. आकडा हलला तर काटा खोटा, मापाडी नाही."

खरं होतं ते. लहानपणापासून तिने ही गोष्ट ऐकली होती. तीही हसली आणि मला म्हणाली, "अडुसष्ट पूर्णांक चारच धर गं." मी धरलं. परक्या माणसाने असं म्हटलं असतं तर तिने त्याला पाच मिनिटं सुनावलं असतं. पण समोर उभा होता तो नियम शिकवणारा माणूस. त्यानंतर एकोणीस शनिवार मी तेच बारदान वजा करत गेले.

घरी तिने पक्का बंदोबस्त केला. घरात ती, बाबा, भाऊ आणि वहिनी. फ्रिजवर कागद. छटाकचं खाणं छोट्या काट्यावर तोलून दोन डब्यांत भरून ठेवायचं, सकाळचं आणि संध्याकाळचं. बिस्किटं बंद, त्याऐवजी गाजराचा तुकडा, तोही लिहून. बाबांनी सगळ्यांसमोर सही केली. जेवायला सगळे एकत्र बसायचे, बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर, छटाक त्यांच्या पायाशी.

आणि आकडा उतरायला लागला. सोळा पाच. सोळा. पंधरा सहा. शनिवारी संध्याकाळी मापाडीण माझ्या खिडकीशी येऊन चहा प्यायची आणि सांगायची, "बघ, जगात एक माणूस आहे जो लिहितो तेवढंच देतो. बाकी सगळे मालक माझ्या बाबांकडे शिकवणीला पाठवायला हवेत." इतर लोकांच्या लबाडीने ती दिवसभर विटलेली असायची. बाबांचं नाव काढलं की तिचा चेहरा सुटायचा.

तिचा हात मात्र तिला टोचत होता. दोनदा तिने मला बोलून दाखवलं. "हाताला तसं लागत नाही गं. फासळ्या सापडायला हव्या होत्या आतापर्यंत." मी काय म्हणाले? "आकडा बघ की." मीही शहाणीच. थंडी पडली होती, केस दाट आले असतील, असं आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. आम्ही काकण सोडून आरशावर विश्वास ठेवला.

एकदा टेबलाखाली तिला उकडलेल्या अंड्याचा अर्धा तुकडा सापडला. तिने वहिनीला धारेवर धरलं. बाबांवर संशय घ्यायचा तर प्रश्नच नव्हता, आणि भावाला अंडं आवडतं, तो टाकणार नाही. वहिनी रडली, पण मी नाही टाकलं एवढंच म्हणत राहिली, दुसरं अक्षर नाही. मापाडीण पंधरा दिवस तिच्याशी तुटक वागत होती. बाबा तेव्हा समोरच बसलेले होते. सून आपल्यामुळे बोलणी खातेय हे बघत, छटाकच्या डोक्यावरून हात फिरवत. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

विसाव्या शनिवारी आकडा आला तेरा पूर्णांक एक. डॉक्टरबाईंनी दहा दिवसांनंतरच्या मंगळवारची वेळ दिली. मापाडीणने त्या दिवशी सगळ्या दवाखान्याला केक खाऊ घातला, आणि स्वतः मात्र एवढासा तुकडा मोडून तोंडात टाकला, कारण ती अशीच आहे.

ऑपरेशनच्या आधीचा शनिवार. फक्त शेवटची नोंद करायची म्हणून बाबा छटाकला घेऊन आले. अंगात जाड कोट, गळ्याला मफलर. ते काट्यापाशी वाकले, दोन्ही हात कुत्र्याच्या पोटाखाली घातले, आणि तसेच राहिले. उचललं नाही. पुन्हा प्रयत्न केला. मग कडेच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "आज कंबर धरलीये."

"असू द्या, मी उचलते," मी म्हटलं. पण छटाक, इतके महिने त्या काट्यावर बाबांच्या कुशीतून येऊन भीती मोडलेला असावा, बाबा पलीकडच्या बाकावर बसलेत हे पाहून सरळ पोलादावरून त्यांच्याकडे निघाला. मध्येच मापाडीणने त्याला थांबवला. "बस!" तो बसला. डबीवर आकडे फिरले आणि थांबले.

अठरा पूर्णांक सहा.

"काटा गेला," ती म्हणाली. कुत्र्याच्या खाण्याची दहा किलोची बंद पिशवी तिने आणून ठेवली. दहा पूर्णांक शून्य. काढून पुन्हा ठेवली. दहा. तिने छटाकच्या बरगड्यांवर दोन्ही हात ठेवले आणि दाबले, आणि मला दिसलं की तिच्या हाताला जे पहिल्या दिवसापासून लागत होतं तेच लागलं. मग तिने मान वळवून बाबांकडे बघितलं. मी खिडकीतून उठून दारात आले होते. मी वहीत दोन आकडे मांडून वजाबाकी केली, पण तिची आधीच झाली होती.

"बाबा, काट्यावर या."

"आता कशाला?"

"बारदान तोलायचंय."

ते उठले. गोदामात चाळीस वर्षं कुणाला काट्यासमोर नाही म्हणू दिलं नव्हतं, आता स्वतः कसं म्हणणार? कोट घालून उभे राहिले. बासष्ट पूर्णांक सात. "कोट काढा," ती म्हणाली. कोटाखाली स्वेटर होता. स्वेटरखाली आणखी एक. ती एकेक काढून बाकावर ठेवत गेली आणि आतला माणूस लहान होत गेला. शेवटी सदरा उरला आणि साठ पूर्णांक चार. पहिल्या दिवशीही सदराच होता.

मग तिने जे केलं ते मी विसरणार नाही. तिने बाबांच्या कुशीवर तळहात ठेवला, जसा ती रोज तीस जनावरांच्या ठेवते, आणि बोटं हळू खाली नेली. तिला दाबावं लागलं नाही. मुठीची हाडं.

"काय झालंय?" तिने विचारलं.

"गिळता येत नाही," बाबा म्हणाले. "घास अडकतो. पाणी, दूध जातं."

"कधीपासून?"

ते स्वेटर उचलून अंगात घालायला लागले. मी टॅक्सी बोलावली. छटाकला मीच उचलला, कारण त्या दोघांपैकी कुणी काही उचलण्याच्या अवस्थेत नव्हतं.

घरी भाऊ आणि वहिनी टेबलाशी होते. मापाडीणने तोच प्रश्न टेबलापाशी उभी राहून विचारला. भावाने बाबांकडे बघितलं. बाबांनी खाली. वहिनी म्हणाली, "सांगा आता तिला."

"साडेतीन महिने," भाऊ म्हणाला. "मीच घेऊन गेलो होतो तपासायला. अन्ननलिकेत गाठ आहे. डॉक्टर म्हणाले लगेच ऑपरेशन करा. बाबा तयार नाहीत. आणि त्यांनी आम्हाला शपथ घातली, तुला सांगायचं नाही म्हणून."

"तुला माहीत होतं. वहिनीला माहीत होतं."

"हो."

"आणि तू मला अंड्याबद्दल बोलू दिलंस?" हे वहिनीला. वहिनी म्हणाली, "मग काय सांगणार होते?"

मापाडीण बसली नाही. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. "म्हणजे साडेतीन महिने या टेबलावर मी एकटीच जेवत होते," ती म्हणाली. "तुम्ही तिघं माझ्यासमोर जेवणाचं नाटक करत होतात. बाबा तोंडाशी घास नेणार, खाली सोडणार, कुत्रा खाणार. आणि तू, दादा, तू मला वर विचारायचास की आज छटाक किती उतरला."

ताकास तूर लागू दिली नव्हती कुणी. आपलेच दात नि आपलेच ओठ. कुणाला दोष द्यायचा? पण मी त्या घरची नाही, म्हणून मी दिला. मी म्हटलं, "काका, तुम्ही तर मापाडी. काट्यावर उभं राहिल्यावर तुम्हाला कळत नव्हतं वजाबाकी चुकतेय ते?"

"कळत होतं," ते म्हणाले. "तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून."

"आणि मंगळवारी डॉक्टरबाईंनी तेरा धरून त्याला टेबलावर घेतलं असतं."

"सोमवारी सांगणार होतो."

हे त्यांचं त्यांनाही खरं वाटलं नसावं. मापाडीण म्हणाली, "आणि दर शनिवारी मी तुमचं कौतुक करत होते, तेव्हा?"

"तू खूश व्हायचीस."

"का, बाबा? मला का नाही?"

बाबांनी छटाकला पायाशी ओढून घेतलं. मग जे बोलले ते त्यांनी साडेतीन महिने नाही, तीन वर्षं पोटात ठेवलेलं असावं. "तुझ्या आईला शेवटी तू मापून वाढलंस. बटाट्याच्या चार फोडी. ती पाचवी मागायची. तू काट्याकडे बघायचीस, तिच्याकडे नाही. मला ते बघवलं नाही, आणि माझ्या ताटात ते नको होतं."

"त्या चार फोडींवर आई दीड वर्ष जास्त जगली."

"हो," बाबा म्हणाले. "भुकेली जगली."

माणसाने असं बोलू नये. खरं असलं तरी बोलू नये, आणि ते पुरतं खरंही नव्हतं. आईची मूत्रपिंडं गेलेली, पाचवी फोड म्हणजे रक्तात क्षार वाढून हृदयाला धोका, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. रात्रंदिवस तिचं करणारी ही एकटी. तेव्हा बाबा तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, तू होतीस म्हणून. म्हणजे तेही खोटंच होतं. मला वाटलं ती ओरडेल. ती आत गेली, फ्रिजवरचा कागद काढला, तिथे खाली बाबांची सही होती, आणि त्याची घडी घालून केराच्या डब्यात टाकला.

त्यानंतर ती बाबांशी बोलायची बंद झाली.

पण इस्पितळात मात्र तीच घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन अजून होऊ शकतं, पण या हाडांच्या सापळ्यावर नाही. निदान पाच किलो वजन वाढू द्या, नाहीतर टेबलावरून परत यायचे नाहीत. पोटाला भोक पाडून नळी बसवली. त्या नळीतून दर तीन तासांनी पातळ अन्न सोडायचं, इतकं मिलिलिटर, इतक्या सावकाश, आधी पाणी, मग अन्न, मग पाणी. जास्त झालं तर उलटी छातीत जायची भीती. वहिनीचा हात थरथरायचा. भावाच्या कामाच्या पाळ्या. शेवटी कुणाच्या हातात ती पिचकारी गेली असेल, सांगायला नको. ज्या मापाला घाबरून बाबांनी घरभर खोटं पसरलं, त्याच मापावर त्यांचा जीव आला.

तिने ते चोख केलं. सकाळी निघण्याआधी, दुपारच्या सुट्टीत धावत घरी जाऊन, संध्याकाळी. एक थेंब सांडला नाही आणि एक शब्द बोलली नाही. बाबा म्हणायचे, "अगं, शिव्या तरी दे." ती पिचकारीवरच्या रेघेकडे बघत राहायची. आता खरंच ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

दवाखान्यातही बदलली. पूर्वी लोकांच्या लबाडीवर ती चिडायची आणि मग हसायची. आता हसत नाही. प्रत्येकाला दोनदा उभं करते, टोपली दोनदा, मालक दोनदा. एका आजीबाईंनी शपथेवर सांगितलं की मी मांजराला काही जादा देत नाही, तर ही म्हणाली, "शपथा घरी ठेवा, आजी. शपथेचं वजन होत नाही." आजी खरं बोलत होत्या. मांजराच्या पोटात पाणी झालं होतं, डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवशी काढलं. मापाडीणने जाऊन माफी मागितली, पण आजी दुसऱ्या दवाखान्यात गेल्या.

छटाकचं ऑपरेशन पुढे ढकललं होतं, आणि तो मात्र काही न करता उतरत होता. टेबलाखाली काही पडतच नव्हतं. सतरा आठ, सतरा दोन, सोळा सहा. घरात कुणाला त्याचा आनंद झाला नाही.

बाबांचं वजन शनिवारी आमच्याच काट्यावर व्हायचं. इस्पितळ लांब, आणि बाबांचा दुसऱ्या काट्यावर विश्वास नाही. नळी बसवली त्या दिवशी साठ चार होतं. मग साठ नऊ. मग एकसष्ट तीन. त्या दिवशी भावाने मला फोन करून तो आकडा पुन्हा वदवून घेतला. मग एकसष्ट. मग साठ सहा. मग साठ तीन. मापाडीणने भिंतीवरची डबी वळवून आपल्याकडे तोंड करून घेतली होती. बाबा विचारायचे, "किती?" ती गप्प. मग मी खिडकीतून आकडा सांगायचे, होता तसा. खरं सांगते, मी सांगताना माझ्या मनात अजूनही थोडा दंश असायचा. घ्या, ऐका, तुमच्या मुलीला नाही कळू दिलंत, तुम्हाला कळू दे.

सातव्या शनिवारी भावाने त्यांना दंडाला धरून आणलं. काट्याची ती दोन बोटांची पायरी चढायला त्यांना वेळ लागला. उभे राहिले, पाय थोडे फाकवून, जसे ते गोदामात उभे राहत असतील. मी वही घेऊन मापाडीणच्या बाजूलाच होते, त्यामुळे डबी मला दिसत होती. एकोणसाठ पूर्णांक शून्य. थोडी थरथरली आणि अठ्ठावन्न नऊवर थांबली. पुढच्या आठवड्यात इस्पितळात ठरणार होतं, ऑपरेशन करायचं की नुसतं घरी ठेवायचं.

"किती?" बाबांनी विचारलं. या वेळी माझ्याकडे बघून.

मी तोंड उघडलं. त्याआधी मापाडीण बोलली. सात आठवड्यांत त्यांच्याशी बोललेला पहिला शब्द.

"वाढलंय, बाबा. सहाशे ग्रॅम."

ज्याच्या वजनावर नवे काटे तपासायचे तो माणूस तिथे उभा होता. त्यांनी तिच्याकडे बघितलं. तीही त्यांच्याकडे बघत होती, डबीकडे नाही.

"हो ना?" ते म्हणाले. "मलाही वाटलंच. आज जरा जड वाटतंय."

उतरण्यासाठी त्यांनी हात पुढे केला आणि तिने तो धरला. मग माझ्याकडे न वळता ती म्हणाली, "लिही. साठ पूर्णांक नऊ."

मी लिहिलं.